दारापाशी गायलेलं गाणं

बल्गेरियन लोकगीत म्हटलं की बहुतेकांच्या प्लेलिस्टमध्ये एकच आवाज असतो: बायकांचा तो अंगावर काटा आणणारा कोरस. माझ्याही होता. मार्सेल सेलिए या स्विस माणसाने 1975मध्ये 'ल मिस्तेर दे व्वा ब्युल्गार' हा अल्बम काढला, 1986मध्ये लंडनच्या 'फोरएडी' कंपनीने तो पुन्हा आणला, आणि दुसऱ्या भागाला 1990मध्ये ग्रॅमी मिळालं. तेव्हापासून जगासाठी बल्गेरिया म्हणजे बायकांचा आवाज. त्यातली बरीचशी गाणी गावातली जशीच्या तशी नाहीत, संगीतकारांनी कोरससाठी बांधलेली आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

मग पुरुष काय करत होते? वाजवत होते. टिमथी राइस यांचं 'मे इट फिल युअर सोल' (1994) वाचलं की ही वाटणी नीट समजते. बाईचे हात विळ्यात आणि चातीत अडकलेले, पण गळा मोकळा. पुरुष मेंढरांमागे एकटा, हात रिकामे, म्हणून त्या हातांत गायदा (तिथली मशकवीणा) किंवा कावाल ही बासरी. व्हॉयेजर यानासोबत 1977मध्ये अवकाशात गेलेलं बल्गेरियन गाणंही देल्यो नावाच्या बंडखोर पुरुषाचं आहे. गाते मात्र वाल्या बाल्कान्स्का, आणि पुरुष मागे गायदा वाजवतात.

तरी पुरुष गात होतेच. सेव्हलिएव्होचा बोरिस माशालोव (1914–1962) ऐका. संथ, ठेक्याशिवाय, एकेका स्वरावर रेंगाळणारी गाणी. पहिल्यांदा मी ती दोन मिनिटांत बंद केली होती. कोरसची सवय लागलेल्या कानाला हा एकटा आवाज उघडावाघडा वाटतो. ही पंगतीत, भरल्या टेबलापाशी गाण्याची जातकुळी आहे. ऐकणारे चार हातांवर बसलेले असतात, त्यामुळे गाणाऱ्याला घाई नसते. घाई मला होती.

पण मला खरं अडकवलं ते कोलेदारींनी. नाताळच्या आदल्या रात्री गावातले बिनलग्नाचे तरुण टोळी करून निघतात आणि उजाडेपर्यंत घरोघरी जाऊन गातात. पुढारी असतो, त्याला स्तानेनिक म्हणतात. तयारी 20 डिसेंबरच्या इग्नाझ्देनपासून किंवा त्याही आधी सुरू होते, कारण पाठ करायचं पुष्कळ असतं. घरधन्याचं गाणं वेगळं, लग्नाच्या मुलीचं वेगळं, तान्ह्या बाळाचं वेगळं, मेंढपाळाचं वेगळं. दारात कोण उभं आहे ते बघून गाणं निवडायचं. टोळीचे दोन गट होतात. एकाने ओळ म्हटली की दुसरा ती उचलतो. शेवटी स्तानेनिक मोठा आशीर्वाद म्हणतो आणि घरातून क्रावाय, म्हणजे कड्यासारखी गोल पोळी मिळते.

हेच गाणं आता व्यासपीठावर ऐकायला मिळतं. सजवलेल्या टोप्या, इस्त्रीचे सदरे, अर्धवर्तुळात उभे पुरुष, समोर खुर्च्या. सूर चोख असतात, आणि मला तिथेच खटकतं. लग्नाच्या मुलीचं गाणं तीनशे प्रेक्षकांना उद्देशून कसं म्हणणार? दोन गटांमधली ओळींची देवाणघेवाणही तिथे नुसती टापटीप होऊन जाते. थंडीत पहाटेपर्यंत गायचं तर एकाने गाताना दुसऱ्याला श्वास मिळतो, हा त्याचा साधा उपयोग व्यासपीठावर दिसत नाही. (शेजारच्या रुमानिया आणि मोल्दोव्हाची पुरुषांची अशीच नाताळगाणी 2013मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. यादीत गेल्याने दार उघडायला माणूस मिळतो असं नाही.)

कारण अडचण सुरांची नाहीच. 1985च्या जनगणनेत बल्गेरियात 89 लाखांवर माणसं होती; 2021मध्ये 65 लाख उरली. तरुण आधी शहरात, मग परदेशात गेले. कोरसला पगारी गायिका मिळू शकतात. कोलेदारींना मात्र गावात बिनलग्नाची पोरं लागतात, आणि ज्यांच्यासाठी गायचं त्या मुली, ती बाळं, तो मेंढपाळही लागतो. अर्धी दारं कुलूपबंद असतील, तर पाठ केलेल्या गाण्यांपैकी कितीतरी त्या रात्री म्हणायचीच नाहीत.

परवा अशीच एक ध्वनिफीत लावली होती. आवाज ओबडधोबड, मध्येच कुत्रं भुंकतं, एक जण सगळ्यांच्या पुढे पळतो. इअरफोन काढले, फोन बाहेरच्या खोलीत ठेवला, दार लोटून घेतलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो.