फोटो छापून आल्यावर

दुःखाचे फोटो काढावेत की नाही, हा विषय निघाला की आपल्याकडे सुदानचं गिधाड हजर होतंच. केव्हिन कार्टर, साल १९९३. मागे टपून बसलेला पक्षी, पुढं वाकून कोसळलेलं लेकरू. १९९४ मध्ये पुलित्झर आणि त्याच वर्षी छायाचित्रकाराची आत्महत्या. फोटो आधी की मदत आधी, एवढ्या भांडवलावर कितीतरी वक्तृत्व स्पर्धा पार पडल्या. त्या लेकराचं पुढं काय झालं हे मात्र जगाला कळलं २०११ साली, ‘एल मुंडो’ या स्पॅनिश दैनिकाचे पत्रकार तिथं गेले तेव्हा. जग जिला मुलगी समजत होतं तो मुलगा होता, आणि त्या उपासमारीतून तो वाचला होता. अठरा वर्षं वाद झडला, पण चौकशीला जावं असं कुणाला सुचलं नव्हतं.

बुलढाणा जिल्ह्यातून गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेले फोटो बघताना मला त्या गिधाडापेक्षा ही अठरा वर्षं जास्त छळतात.

समृद्धी महामार्गापासून सुरुवात करू. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथं नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. २५ जण गेले, ८ वाचले. देह ओळखण्यापलीकडे गेलेले. डीएनए तपासणीची वाट पाहायची तर बरेच दिवस लागणार होते, म्हणून दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात २४ जणांवर एकत्र अंत्यसंस्कार झाले. पेटत्या बसचे व्हिडिओ आधी मोबाइलवरून फिरले. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार पोचले तेव्हा उरला होता तो काळा सांगाडा, आणि त्यांनी मुख्यतः तोच दाखवला. त्या दिवशी छापील माध्यमांनी बऱ्यापैकी संयम पाळला, असं माझं मत आहे. खटकली ती चितांची रांग. फोटो म्हणून ती चौकट बिनचूक होती: एकसारखी सरणं, धूर, पाठमोरे नातेवाईक. पण कोणत्या सरणावर आपलं माणूस आहे हे त्या नातेवाइकांना ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवसाचं खरं दुःख तेच होतं. फोटोत ते दिसणं अशक्यच, म्हणून ते फोटोओळीत यायला हवं होतं. आपल्याकडे फोटोओळ म्हणजे बातमीतलं पहिलं वाक्य पुन्हा एकदा. फोटोत न दिसणारं सांगायची ती एकमेव जागा आहे, हे आपली छायाचित्र पत्रकारिता विसरून गेली आहे.

शेतकरी आत्महत्यांचा फोटो तर आता साचाच झालाय. कुडाच्या किंवा पत्र्याच्या घरासमोर बसलेली बाई, मांडीवर नवऱ्याची तसबीर, तसबिरीला हार, बाजूला एक-दोन लेकरं. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भाचे जे सहा जिल्हे होते त्यांत बुलढाणाही होता. तेव्हापासून दिल्ली-मुंबईहून आलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यानं हाच फोटो नेला. तसबीर आतल्या भिंतीवर असते. ती काढून मांडीवर ठेवा, असं कुणीतरी सांगितल्याशिवाय ती अंगणात येत नाही.

ही मांडामांड जुनी आहे. १८७६–७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे गट नीट बसवून फोटो काढले. दशकभरानं ब्रह्मदेशात गोळ्या घालून देहदंड देतानाचे फोटो काढल्याबद्दल त्याची चौकशी झाली. आपण हूपर नाही. पण ‘ताई, जरा इकडं बघा’ म्हणताना त्या परंपरेचा एक धागा आपल्या हातात असतो, हे मान्य केलेलं बरं.

मग ती बाई तसबीर मांडीवर का घेते? नीतीवरचे इंग्रजी ग्रंथ इथं संमतीचा मुद्दा काढतात आणि तिच्या होकारावर समाधान मानतात. वऱ्हाडात त्या होकाराला वेगळाच अर्थ आहे. आत्महत्या झाली की प्रकरण जिल्हा समितीपुढं जातं आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये. त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज सावकाराचं, कागद एकही नाही, अशा घरात पेपरवाला येतो तेव्हा कॅमेरा हा अर्ज असतो. पेपरात आलं तर साहेब विचारतील, फाइल हलेल. ती फोटो देत नाही, अर्ज देते. समोरच्याला मात्र पक्कं ठाऊक असतं की हा अर्ज मंजूर करायचा अधिकार आपल्याला नाही. फोटोनं कदाचित काहीच होणार नाही, हे क्लिक करण्याआधी तिला सांगणारे किती? माझ्या मते संमतीची कसोटी त्या एका वाक्यावर आहे. ते न सांगता मिळवलेला होकार हा होकार नव्हे, मग कागदावर अंगठा का असेना.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात या अर्जाची उलटी बाजू दिसली. बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांत माणसांचे केस झपाट्यानं गळू लागले, काहींना तीन-चार दिवसांत टक्कल पडलं. वाहिन्यांनी लगेच ‘टक्कल व्हायरस’ असं नाव देऊन टाकलं. व्हायरस असल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. खारपाणपट्ट्यातलं पाणी तपासलं गेलं, आयसीएमआरची पथकं आली, पुढं डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण लोकांच्या डोक्यात बसली ती एकच दृश्यचौकट: चिमटीत धरलेली बट अलगद हातात येताना. वाहिन्यांवर ती इतक्या वेळा दिसली की ते लक्षण राहिलं नाही, प्रयोग झाला. दाखवलेल्यांत बाया होत्या, कॉलेजातल्या पोरी होत्या. या गावांकडे लोक संशयानं बघू लागले, सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या, आणि त्या बातम्यांसोबत पुन्हा तेच चेहरे. गावकऱ्यांनी आधी कॅमेऱ्याला स्वतःहून डोकी दाखवली होती, कारण सरकारचं लक्ष जावं असं त्यांना वाटत होतं. लक्ष गेलं हे खरं. पण चेहऱ्याऐवजी फक्त डोक्याचा मागचा भाग दाखवला असता तरी ते गेलंच असतं. आजार दाखवायला चेहरा लागत नव्हता, तो फक्त पडद्याला हवा होता.

दाखवूच नका, इतकं सोपं उत्तर मात्र मला मान्य नाही. खैरलांजी आठवा. सप्टेंबर २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यात एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं गेलं, आणि मोठ्या माध्यमांनी सुरुवातीला ते जवळजवळ ओलांडून टाकलं. मृतदेहांचे फोटो कार्यकर्त्यांनी हातोहात फिरवले तेव्हा विदर्भ पेटला. त्या फोटोंत स्त्रियांच्या देहांची जी विटंबना दिसत होती ती बघवत नाही, आणि तरी ते फोटो नसते तर एक नेहमीची गुन्हेवार्ता म्हणून ते प्रकरण संपलं असतं. इथं सभ्यतेचा नियम गप्प बसवणाऱ्यांच्याच सोयीचा होता. ‘वाचकांच्या भावनांचा विचार’ करताना कोणत्या वाचकांच्या, हे विचारायला हवं.

आणि करमाड. बुलढाण्याच्या शेजारच्या जालन्यातून ८ मे २०२० च्या आदल्या रात्री मजूर रुळांवरून भुसावळच्या दिशेनं चालत निघाले होते. पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली १६ जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्या-पोळ्यांचा फोटो सगळ्या देशानं पाहिला. टाळेबंदीत त्याच्याइतकं बोलकं काही निघालं असेल असं मला वाटत नाही. मृताची प्रतिष्ठा राहिली आणि आरोपही बोथट झाला नाही. तिथं गेलेल्या छायाचित्रकारांनी देहांवरून कॅमेरा खाली, खडीवर नेला, यात हुनर आहे. नीती आणि कला इथं वेगळ्या काढता येत नाहीत.

एका फोटोवर न भागवता माणसांपाशी दीर्घकाळ थांबण्याचं उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. शेजारच्या अकोल्याचे सुधारक ओलवे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं त्यांनी केलेलं काम गटारात उतरलेल्या माणसापाशी संपत नाही. ते त्याच्या घरात, बायकोपोरांत शिरतं. किळस येईल असे फोटो त्यात आहेत. पण तो माणूस म्हणजे केवळ घाण, असं ते एकदाही वाटू देत नाहीत. याला वर्षं लागतात.

आणि वर्षंच तर जिल्ह्याच्या पत्रकारितेपाशी नाहीत. कायदा म्हणाल तर तो काही ठिकाणी ठाम आहे: बाल न्याय कायद्याचं कलम ७४, पोक्सोचं २३, बलात्कार पीडितेची ओळख लपवण्याची तरतूद. आत्महत्येच्या वार्तांकनावर प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. तरी चिठ्ठीचे फोटो छापले जातातच. पण जळालेल्या बसमधल्या प्रवाशाचा भाऊ, टक्कल पडलेली पोर, तसबीर घेतलेली बाई यांचं रक्षण कुठलंच कलम नेमकेपणानं करत नाही. ते सोपवलंय तालुक्याच्या वार्ताहरावर. तोच लिहितो, तोच मोबाइलवर फोटो काढतो, तोच जाहिराती गोळा करतो, आणि कित्येकदा त्याचं घर त्याच जाहिरातींच्या कमिशनवर चालतं. ‘छाया’ म्हणून त्याचं नाव लागेलच असं नाही. फोटो अकोल्याला डेस्कवर जातो. कोणता छापायचा, कुठं कापायचा, कोणता चेहरा धूसर करायचा हे तिथं ठरतं, त्या गावात कधी पाऊल न टाकलेल्या माणसाकडून. बदनामी मात्र वार्ताहराची होते, कारण बाजाराच्या दिवशी त्या बाईचा दीर त्यालाच भेटतो.

मोठ्या शहरांतल्या परिसंवादांत छायाचित्रकाराच्या संवेदनशीलतेवर बरंच बोललं जातं. संवेदनशीलता या वार्ताहरांकडे आहे, त्यांना ती माणसं नावानिशी माहीत असतात. समितीनं त्या बाईला अपात्र ठरवलं का, शेगावच्या त्या पोरीचे केस पुन्हा आले का, पिंपळखुट्यात वाचलेले आठ जण आज कसे जगतात, हे शोधायला जाण्याची इच्छाही असते. दुसऱ्या फेरीच्या पेट्रोलचे पैसे कुणी देत नाही, आणि दुसऱ्या फेरीचा फोटो डेस्कला बातमी वाटत नाही.