पाणउतारा : एका शब्दाची व्याप्ती

‘अपमान’ आणि ‘पाणउतारा’ हे शब्द समानार्थी म्हणून शेजारी बसवले जातात. बोलणारा मात्र त्यांची गल्लत करत नाही. ‘मला अपमान वाटला’ असे आपण म्हणतो, ‘मला पाणउतारा वाटला’ असे कोणी म्हणत नाही. अपमान एकट्यालाही जाणवतो, गिळताही येतो. पाणउताऱ्याला चारचौघे लागतात आणि करणारा बहुधा वरचढ असतो. नोकराने मालकाचा केला, तर त्याची गावभर गोष्ट होते.

यातले ‘पाण’ पाणवठ्यातलेच. अर्थ मात्र मोत्याच्या, तलवारीच्या पाण्याचा, म्हणजे तेजाचा. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात, पाणी म्हणजे आधी उसाची पाळी. तरी तिथेही ‘चारचौघांत त्याचं पाणी उतरवलं’ म्हटल्यावर कालव्याकडे कोणी बघत नाही.

हा भेद केवळ शब्दकोशाचा नाही. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अपमानाचा हेतू पुरत नाही. तो लोकांच्या नजरेसमोर व्हावा लागतो. हितेश वर्मा खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने, चार भिंतींआड, बाहेरचे कोणी नसताना झालेली शिवीगाळ या कलमात बसत नाही, असे म्हटले. म्हणजे शब्द अपमानाचा आणि कसोटी पाणउताऱ्याची! मालकाच्या गोठ्यात जातीवरून ऐकून घेतलेल्याने साक्षीदार कुठून आणायचा?

समीक्षकही फारसे वेगळे वागत नाहीत. दलित आत्मकथनांतले चावडीवरचे, शाळेतले प्रसंग आपण हटकून उद्धृत करतो. घरी येऊन न जेवता झोपणारा बाप वाचायचा राहून जातो.