न संपणारा सेल

विद्युतमंडल शिकवण्यासाठी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाचा ‘सर्किट कन्स्ट्रक्शन किट’ हा संगणकीय संच अनेक शिक्षकांना माहीत आहे. भौतिकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वायमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला. पडद्यावर सेल, तारा आणि बल्ब जोडले की इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. बल्बच्या आधी आणि नंतर त्यांचा वेग सारखाच असतो. ‘वीजधारा बल्बमध्ये खर्च होते’ हा मुलांचा पक्का गैरसमज त्यामुळे दूर होतो. हे या संचाचे मोठे यश आहे.

पण धारा खर्च होत नाही, तर मग खर्च होते तरी काय? या प्रश्नावर संच गप्प आहे. त्यातला बल्ब तासन्‌तास पेटता ठेवला तरी सेल उतरत नाही.

याचे कारण संचाच्या मांडणीत आहे. सेलचा दाब आणि अंतर्गत रोध आपल्याला ठरवता येतात, पण सेलमध्ये किती भार उरला आहे हे सांगणारी राशीच तिथे नाही. अभियंते वापरतात त्या ‘सिम्युलिंक’सारख्या प्रणालींत बॅटरी सुरुवातीला किती टक्के भरलेली आहे, हे आधी सांगावे लागते. त्यातून धारा वाहील तशी ही टक्केवारी घटते आणि दाब तिच्यावरून ठरतो.

आरंभीचा हा आकडा किती महत्त्वाचा असतो, ते वहीतही दाखवता येईल. समजा, सेलची क्षमता २ अँपिअर-तास आहे आणि धारा ०.२ अँपिअर आहे. म्हणजे दर तासाला १० टक्के भार कमी होणार. १०० टक्क्यांपासून सुरुवात केली तर सेल १० तास चालेल, ४० टक्क्यांपासून केली तर ४ तास. सेल तोच, बल्ब तोच, नियमही तोच!

संचाचा उपयोग यापुढे करावा. १.५ व्होल्टचा सेल आणि ५ ओहमचा बल्ब घ्या. अंतर्गत रोध शून्याजवळ असताना धारा ०.३ अँपिअर येते आणि बल्बला ०.४५ वॉट मिळतात. रोध २.५ ओहम केला की धारा ०.२ अँपिअरवर येते आणि बल्बला ०.२ वॉटच मिळतात. मंडल उघडे ठेवून मोजले तर दाब मात्र दोन्ही वेळा १.५ व्होल्टच! जुन्या सेलचा दाब नुसता मोजून फसगत का होते, ते इथे कळते.

मात्र हा बदल आपण हाताने केलेला असतो. खऱ्या सेलमध्ये तो वापराने आपोआप घडतो, आणि तेव्हा दाबही थोडा उतरतो. म्हणून आमचे मत असे, की संच जरूर वापरावा, पण बाजारातला साधा सेल वर्गातून हद्दपार करू नये. एक बल्ब पेटता ठेवून दर अर्ध्या तासाला सेलचा दाब मोजायला सांगावे. ती उतरत जाणारी रेषा मुलांनी स्वतः आलेखावर काढावी.