पाच विशेषणांचा ताळा

‘लळा’ हा शब्द मराठीने लहान मुलांसाठी आणि मुक्या जनावरांसाठी राखून ठेवला आहे. नातवाला आजीचा लळा असतो, वासराला गुराख्याचा लागतो. पन्नाशीतल्या नवऱ्याला बायकोचा लळा आहे असे कोणी म्हणत नाही. म्हटलेच तर ऐकणारे हसतील. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविश्लेषकाचे म्हणणे मात्र असे होते, की ही गरज बाळपणाबरोबर संपत नाही, माणसाला ती शेवटपर्यंत पुरते. त्याच्या ‘अटॅचमेंट’ला मी या लेखात लळाच म्हणणार आहे. हसू आले तरी हरकत नाही.

मानसशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. बोल्बीचे १९६९, १९७३ आणि १९८० साली निघालेले तीन खंड मी रद्दीवाल्यांकडून आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मिळवले. दुसरा आधी हाती आला, पहिला सर्वांत शेवटी. माझे मूळ वाचन मराठी आत्मचरित्रांचे. त्यामुळे मी या सिद्धान्ताकडे गेलो तो मागच्या दाराने, आणि कदाचित म्हणूनच त्यातली एक गोष्ट मला समीक्षेच्या कामाची वाटली.

बोल्बीचा जन्म १९०७चा, लंडनमधल्या नामांकित शल्यविशारदाच्या घरात. त्या वर्गाच्या रीतीप्रमाणे मुले दाईकडे. आईची भेट दिवसाकाठी तासभर, चहानंतर. त्याला सांभाळणारी मिनी नावाची मुलगी तो जेमतेम चार वर्षांचा असताना काम सोडून गेली. आई जाण्याइतकेच ते दुःख होते, असे त्याने पुढे सांगितले. १९४४ साली त्याने ४४ चोरट्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतली १४ त्याला मायाच आटलेली वाटली, आणि त्या १४ पैकी १२ मुले लहानपणी दीर्घकाळ आईपासून तुटलेली होती. आकडे लहान आहेत, तुलनाही आजच्या कसोटीला उतरणारी नाही. पण इंग्लंडमधल्या इस्पितळांत मुलांना भेटायला आईबापांना मज्जाव असे, तो पुढे हळूहळू उठला, त्यात बोल्बीचा आणि त्याचा सहकारी जेम्स रॉबर्टसन याच्या १९५२ सालच्या चित्रपटाचा वाटा मोठा आहे. आठ दिवस इस्पितळात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा तो साधा चित्रपट.

मेरी एन्सवर्थने यात मोजमाप आणले. आधी युगांडातल्या खेड्यांत घरोघर बसून, मग बाल्टिमोरमध्ये. वीसेक मिनिटांचा तिचा प्रयोग प्रसिद्ध आहे : वर्षभराचे मूल, अनोळखी खोली, आई दोनदा बाहेर जाते आणि परतते. तिने खरी नजर ठेवली ती आई परतण्याच्या क्षणावर. काही मुले आईकडे झेपावतात आणि थोड्याच वेळात पुन्हा खेळू लागतात. काही तिच्याकडे बघतही नाहीत. काही बिलगतात आणि त्याच वेळी लाथा झाडतात.

इथून मोठ्यांच्या प्रेमापर्यंतचा पूल १९८७ साली बांधला गेला, आणि तो बांधला एका वर्तमानपत्राच्या पानावर. हझान आणि शेव्हर यांनी डेन्व्हरच्या दैनिकात तीन छोटे परिच्छेद छापले आणि वाचकांना विचारले : यातला तुम्ही कोण? ६२० उत्तरांचा त्यांनी हिशेब मांडला. ५६ टक्के निर्धास्त, २५ टक्के अंतर राखणारे, १९ टक्के धास्तावलेले. कल्पना धीट होती, यात शंका नाही. पण तेव्हापासून जो तो आपल्यावर एक चिठ्ठी चिकटवून मोकळा होतो. आपल्याकडच्या पुरवण्यांतही ‘तुमच्या नात्याचे मूळ तुमच्या आईत’ अशा धाटणीचे लेख आता नित्याचे झाले आहेत. आईवर आरोपपत्र ठेवायला एक नवे निमित्त, एवढाच त्यांचा अर्थ उरतो. मूळ संशोधन इतके ठाम नाही. वॉटर्स आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वर्षभराचे असताना तपासलेली ५० मुले वीस वर्षांनी पुन्हा तपासली. ३६ जण ‘निर्धास्त की नाही’ या निकषावर जिथे होते तिथेच सापडले. उरलेले १४ बदलले होते. मधल्या काळात घरात मोठे संकट आले असेल तर बदलण्याचे प्रमाण दुप्पट. नंतरच्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत तर हा धागा आणखी विरळ निघाला.

मग ही मोठी माणसे तपासली कशी? माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा भाग हाच. बर्कलीच्या मेरी मेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात एक मुलाखत तयार केली. तीत म्हणतात, आईशी असलेल्या तुमच्या नात्याला पाच विशेषणे द्या. दिलीत? आता प्रत्येक विशेषणापुढे एक घडलेला प्रसंग सांगा. पुढे शब्दन् शब्द उतरवून घेतात, आणि तपासतात ते बालपण सुखाचे होते की दुःखाचे हे नव्हे. सांगणे जुळते का, हे. ‘प्रेमळ’ म्हणून पुढे काहीच आठवत नसेल, तर ताळा चुकला. वाईट बालपण सरळ, नेमके, रागात वाहून न जाता सांगता आले, तर तो माणूस निर्धास्तांत गणला जातो. ही तर गद्याची परीक्षा झाली! मानसशास्त्रज्ञांनी आमचेच काम केले आहे, आणि आम्हाला पत्ता नाही.

हा ताळा मी मराठी आत्मचरित्रांना लावून पाहिला. आपल्याकडे आईवरच्या प्रकरणांचे व्याकरण ठरलेले आहे : ती पहाटे उठायची, दळायची, राबायची, स्वतः उपाशी राहून आम्हाला वाढायची. सगळा रीतिभूतकाळ. ‘एके दिवशी तिने’ हे शब्द येतच नाहीत. पानेच्या पाने भक्ती, आणि प्रसंग एकही नाही. अशा लेखनाला आपण ‘हृद्य’ म्हणतो. मला तिथे आई दिसतच नाही, तिला वाहिलेला हार तेवढा दिसतो.

याच्या उलट ‘श्यामची आई’. भाबडे पुस्तक म्हणून नाक मुरडण्याची आपल्याकडे फॅशन आहे. मीही विशीत मुरडले. आज वाटते, आपण पुस्तक न वाचता त्याची कीर्तीच वाचली. साने गुरुजींनी बहुतांशी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या ४२ रात्री म्हणजे प्रसंगांची रास आहे. मुलाच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आपले लुगडे पसरणारी आई, पोहायला जायचे टाळतो म्हणून त्याला झोडपतेही. दोन्ही प्रसंग दिवसाउजेडी मांडलेले. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःचे जीवन संपवले. त्याचा धागा थेट आईच्या मृत्यूपर्यंत नेऊन जोडण्याचा मोह अभ्यासकाला होतो. मी तो आवरतो. पुस्तकाचा ताळा करता येतो, माणसाचा नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर या मुलाखतीचा आदर्श नमुनाच. वडिलांचे सोवळ्याचे वेड, ना. वा. टिळकांचे वारंवार घर सोडून जाणे, १८९५ सालचे त्यांचे धर्मांतर, त्यानंतरची ताटातूट. हे सगळे सांगताना बाई रागावतात, हसतात, स्वतःलाही सोडत नाहीत, आणि गोष्टीचा धागा कुठे हातचा सुटत नाही. त्यांच्या बालपणाला कोणी सुरक्षित म्हणणार नाही. त्यांचे गद्य मात्र निर्धास्त आहे.

हे लिहिण्याचा अधिकार सांगायचा तर ताळा स्वतःवरही करायला हवा. धाकट्या बहिणीच्या वेळी मला अडीच वर्षांचा असताना आजोळी ठेवले, ते मी साडेसहा वर्षांचा होईपर्यंत. वहीत आईपुढे मी पाच शब्द लिहिले : प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, नीटनेटकी, करारी. प्रसंग सुचेना. आजीपुढे शब्द सुचायच्या आतच तीन प्रसंग लिहून झाले होते. बायकोला वही दाखवली. ती म्हणाली, “तुम्ही भांडत नाही, गप्प होता. मी माहेराहून आले की दोन दिवस पेपरातून डोकं वर काढत नाही. तीस वर्षं बघतेय.” एन्सवर्थच्या खोलीतले, आईकडे न बघणारे मूल मी वाचले होते, ते आमच्याच बैठकीत बसले आहे हे मला कळले नव्हते.

गेल्या चैत्रात आईला विचारले. ती ८३ वर्षांची आहे, ऐकू कमी येते. “मला सोडून निघालीस तो दिवस आठवतो?” ती बराच वेळ पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “एस.टी. सुटली तशी तू मागनं धावलास. एका पायात चप्पल होती. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरले असते, आणि घरी तर तान्ही पोर.” थोड्या वेळाने तिने विचारले, “दुसरी चप्पल सापडली होती का रे?”

हा प्रसंग मी वहीत लिहिला आहे. पाचांपैकी कोणत्या शब्दापुढे घालायचा ते ठरेना, म्हणून पान उलटून नुसताच लिहिला.