नोकरी शोधताना वही कितपत कामाची?

नोकरी शोधताना ‘मनातलं लिहून काढा’ हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. त्यासाठी अनेकदा १९९४ च्या एका शोधनिबंधाचा दाखला देतात: स्पेरा, बुरफाइंड आणि पेनेबेकर यांचा. नोकरी गेलेल्या ६३ जणांपैकी एका गटाने पाच दिवस, रोज २० मिनिटं, त्याविषयीच्या भावना लिहिल्या. पुढच्या काही महिन्यांत त्या गटात इतरांपेक्षा जास्त जणांना नोकरी लागली. गंमत म्हणजे त्यांनी अर्ज किंवा मुलाखती काही जास्त केल्या नव्हत्या.

अभ्यास मला आवडतो. पण ६३ जण तीन गटांत वाटले की एकात जेमतेम वीसेक उरतात. त्यातही बहुतेक तंत्रक्षेत्रातले अनुभवी पुरुष, असलेली नोकरी गेलेले. एमएसडब्ल्यू करून पहिली जागा शोधणाऱ्यांना हे जसंच्या तसं कसं लावायचं? आपल्याकडे आयसीटीसीतल्या समुपदेशकाची जागा मिळाली तरी ती कंत्राटी, म्हणजे शोध चालूच. शिवाय या क्षेत्रात नकार आला की ‘मला माणसंच कळत नाहीत का?’ असं वाटतं. प्रोग्रामरला सहसा असं वाटत नसावं!

लिहा जरूर. पण वहीने जागा वाढणार नाहीत. आणि झोप उडालेलीच राहिली, तर टेली मानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, तेही फुकट.