१२ पट धोका म्हणे! पण लठ्ठ कोणाला धरलं?

स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत वजनदार बाईला १२ पट धोका, हे वाक्य रिव्ह्यूमध्ये उचलून टाकायचा मोह होतो. जरा थांबा.

हा आकडा ‘प्लास्टिक अँड रिकन्स्ट्रक्टिव्ह सर्जरी’तल्या २०११ च्या अमेरिकन पेपरचा. विम्याच्या क्लेमवरून काढलेला. लठ्ठ गटात १८.३ टक्के जणींना ३० दिवसांत काहीतरी गुंतागुंत झाली, दुसऱ्या गटात २.२ टक्के. भागाकार करून बघा: ८.३ येतो. १२ हा मॉडेलमधून निघालेला ऑड्स रेशो आहे, आणि ऑड्स म्हणजे धोका नव्हे. शिवाय त्यात स्तन मोठे करण्याच्या शस्त्रक्रियाही धरल्यात.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. क्लेममध्ये वजनकाट्याचा आकडा नसतो, डायग्नोसिस कोड असतो. ‘लठ्ठ’ म्हणजे जिच्या कागदावर डॉक्टरांनी तसा कोड लिहिला ती. तो बहुधा फार जाड किंवा आधीच आजारी बाईच्या नावे पडणार. जिथे हा कोड नेटाने लिहितात तिथे जखम चिघळल्याचा कोडही नेटानेच लिहिणार. म्हणजे फरक फुगला. उलट कोड न पडलेल्या जाड बायका दुसऱ्या गटात गेल्या असतील, तर तो दबलाही असेल. नक्की किती, ते या डेटातून सुटत नाही.

उंची-वजन नोंदवलेला डेटाही आहे. अमेरिकेच्या एनएसक्यूआयपीतल्या (२००५–२०११) ४,५४५ जणींत निम्म्याहून अधिक लठ्ठ होत्या, तरी एकूण गुंतागुंत सुमारे ६ टक्केच. ती वजनासोबत वाढते, हे खरं. ठळक वाढ बीएमआय ४० च्या पुढे. याउलट २००५ च्या ब्राव्हो अभ्यासात १७९ जणींत ४३ टक्के! सर्जन वाईट होते असं नाही. तिथे जखम भरायला उशीर झाला, टाका बाहेर आला, हेही मोजलं होतं. आणि तिथे गुंतागुंतीचा संबंध काढलेल्या उतीच्या वजनाशी दिसला. आता सांगा, धोका बाईच्या वजनाचा की स्तनाच्या? दोन्ही सोबतच वाढतात, म्हणून वेगळं करणं अवघड.

आपल्याकडे आणखी एक गुंता. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा ‘लॅन्सेट’मधला २००४ चा फोटो बघितलाच असेल. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. भारतात लठ्ठपणा २५ पासून धरतात, अमेरिकेत ३० पासून.

तेव्हा जळगाव किंवा धुळ्याच्या मेडिकल कॉलेजच्या केसपेपरवर कोणी असं काम काढणार असेल, तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी दहा-वीस केसपेपर नुसते चाळा. उंची-वजन दोन्ही आहे का, काढलेली उती ग्रॅममध्ये नोंदवली आहे का, आणि घरी गेल्यावर उसवलेला टाका कोणी लिहून ठेवलाय का, एवढं बघा. टाक्याची नोंद नसेल तर तुमचाही आकडा ६ टक्क्यांच्या आसपासच यायचा.