उभ्या फटीतला रामोंडा

रामोंडा मायकोनी समोरून बघायचा, वरून नाही. पिरेनीज पर्वतातल्या चुनखडीच्या कड्यांवर, सावलीतल्या फटींत तो वाढतो. ब्रिटनमधल्या रॉक गार्डनमध्येही जाणता माळी त्याला तसाच लावतो: उत्तरेकडे तोंड केलेल्या दोन दगडांच्या सांध्यात, आडवा. पानांचा हा गुच्छ सपाट जमिनीवर बसवला तर त्याची वाटी होते, तिच्यात हिवाळ्याचं पाणी साचतं आणि गाभा कुजतो. उभ्या फटीत पाणी ओघळून जातं. युक्ती व्यवहाराची, पण तिच्यातून चित्र उभं राहतं. आपल्याकडच्या भिंतीवर थापलेल्या गोवरीसारखा गुच्छ दगडाला घट्ट चिकटलेला. उपमा राजस नाही, पण त्याची बैठक अगदी तशीच असते.

सावलीही कुठलीही चालत नाही. झाडाखालची, पानांवरून टपटपणारी नको. दगडाची हवी, आणि समोर आकाश मोकळं.

फुलं मे-जूनमध्ये येतात. जांभळ्या, बहुधा पाच पाकळ्या आणि मधे पिवळ्या परागकोशांची चोच. ती बघून बाल्कनीतला आफ्रिकन व्हायोलेट आठवतो, आणि ते बरोबरच आहे. दोघंही जेस्नेरिएसी कुळातले. हे कुळ मुख्यतः उष्ण प्रदेशांत रमलेलं. हिमयुगं सोसून युरोपात तग धरलेली त्यातली मंडळी मोजकीच. फूल देखणं आहे, पण मला विचाराल तर हा रामोंडा पानाचा. गडद हिरवं, सुरकुतलेलं पान, शिरांच्या जाळीतून वर फुगलेलं, कडेला तांबूस केसांची झालर. बाग हिवाळ्यात ओकीबोकी होते तेव्हाही ते जागेवर असतं.

आणि ती तांबूस लव नुसती शोभेची नाही, हे कोरड्या उन्हाळ्यात कळतं. पाणी तुटलं की पानं आत वळतात, पाठीवरची लव बाहेर येते, हिरवा रंग दिसेनासा होतो. पाणी मिळालं की एक-दोन दिवसांत पुन्हा उलगडतात. याच्याच भावंडाला, रामोंडा नाथालीला, १८८४ मध्ये सर्बियाच्या राणी नाताल्याचं नाव मिळालं. सर्बियात ११ नोव्हेंबरला, पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीच्या स्मरणदिनी, असंच सुकून पुन्हा उलगडणाऱ्या या झाडाच्या फुलाचं चिन्ह लोक छातीवर लावतात.

नवख्या माळ्याला यातलं काही ठाऊक नसतं. ऑगस्टमध्ये फटीतली ती तपकिरी मूठ बघून तो खुरपं आणायला जातो.